कोरियाचीं मुखप्रसाधनें आणि आपल्या घरांतील मुली

आमचे थोरले बंधु धुळ्यास असतात. धुळ्याच्या पेठेंतील गल्ल्यांना नांवें नाहींत, आंकडे आहेत; त्यांतील एका गल्लींत आमचें वडिलार्जित घर आहे व तेथें आजही तीन पिढ्यांचीं अकरा पानें एका पंक्तीस मांडलीं जातात. गेल्या माघांत पारोळ्याच्या रस्त्यानें आम्ही जळगांवहून तेथें गेलों. ओसरीवर पाय ठेवतों न ठेवतों तोंच वहिनींनीं पाण्याच्या तांब्याऐवजीं एक बाटली आमच्या हातीं दिली आणि म्हणाल्या, “भावोजी, तुम्हांला इंग्रजी वाचतां येतें. हिच्यांत गोगलगायीची लाळ आहे असें धाकटा नातू म्हणतो. ही बाटली चार दिवस देवघराच्या कोनाड्याजवळ उभी आहे. खरें असेल तर मीं काय प्रायश्चित्त घ्यावें तें सांगा.”

आम्हीं चष्मा लावून वाचलें. तें खरें होतें. शंभरांत शहाण्णव भाग गोगलगायीचा स्राव, असें बाटलीवर स्वच्छ छापलें होतें.

बाटली आमच्या नातीची. ती दादांची सख्खी नात. पण जळगांवच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठांत ती रसायनशास्त्र शिकत होती तेव्हां दोन वर्षें आमच्या घरीं राहिली, म्हणून आम्ही तिला आमचीच म्हणतों. आतां शिक्षण पुरें करून ती धुळ्यास परतली आहे व घरांत तिच्या लग्नाचें पाहणें चालू आहे. तिच्या कपाटांत अशा दहा बाटल्या व नळ्या आणि एक डबी, मिळून अकरा वस्तु निघाल्या. दादांचें म्हणणें, साडेसहा हजार रुपये तोंडाला फासून मोरींत सोडण्याइतकें हें घर श्रीमंत कधींपासून झालें? सूनबाईंचें म्हणणें, पोरीच्या तोंडावर फोड येतात, त्यांचे काळे डाग मागें राहतात, तिनें करावें तरी काय? वहिनींचा आक्षेप वर सांगितलाच. आणि नात म्हणाली, “आजोबा, तुम्ही वाचा आणि ठरवा. तुम्ही सांगाल तें ठेवीन.”

हें ऐकून आम्ही खालीं पाहिलें, व त्याचें कारण सांगितल्याशिवाय पुढें लिहिणें अप्रामाणिकपणाचें होईल. ती जळगांवीं असतांना तिला पहिल्यानें मोठे फोड आले, तेव्हां लिंबाचा रस मधांत कालवून लावण्यास आम्हींच सांगितलें होतें. ‘घरगुती वस्तु आहे, अपाय काय होणार?’ हें आमचें तर्कशास्त्र. चैत्राचे दिवस, ती तशीच दुपारच्या उन्हांत बाहेर पडली आणि दोन दिवसांत गालावर भाजल्यासारखा पट्टा उठला. पुढें तो काळा पडला व पांच महिने राहिला. लिंबाचा रस हें त्वचेच्या मानानें फार तीव्र आम्ल आहे, आणि त्यांतील कांहीं द्रव्यांवर ऊन पडलें म्हणजे त्वचा पोळते, हें आम्हांला नंतर कळलें. मुलीनें एका शब्दानेंही दोष दिला नाहीं. तेव्हांपासून आम्ही तिचे ऋणी आहों. म्हणून या खेपेस मत देण्यापूर्वीं पंधरा दिवस मागून घेतले. त्यांत जें वाचलें, विचारलें व पाहिलें तें वाचकांपुढें क्रमानें ठेवीत आहों.

कोरियाचें नांव आमच्या पिढीला भूगोलाच्या पुस्तकापुरतें ठाऊक होतें. आतां तेथील मालिका मुली रात्रीं जागून पाहतात व त्यांच्या मागोमाग हीं प्रसाधनेंही आलीं. पण हा नुसता नटनट्यांचा थाट नव्हे. हो जुन या राजवैद्यानें रचलेला ‘दोंगइ बोगाम’ हा वैद्यकग्रंथ तेथें १६१३ सालीं प्रसिद्ध झाला व २००९ सालीं युनेस्कोनें त्याची गणना जगाच्या स्मृतिठेव्यांत केली. जुन्या काळीं तेथें तोंड धुण्यास मुगाचें पीठ वापरीत. आपल्याकडे डाळीचें पीठ व उटणें वापरतात तसेंच. १९३० नंतरच्या वर्षांत केसोंग गांवीं युन दोक-जोंग नांवाची एक गृहिणी कॅमेलियाच्या बियांचें तेल काढून केसांसाठीं विकीत असे. तिच्या मुलानें १९४५ सालीं जो कारखाना काढला, तोच आज अमोरपॅसिफिक या नांवानें जगभर माल पाठवितो. ज्या ‘दहा पायऱ्यां’चा एवढा बोलबाला आहे त्यांचा प्रसार मात्र अमेरिकेंत झाला, शार्लट चो या कोरियन वंशाच्या लेखिकेचें २०१५ सालचें पुस्तक त्यास बरेंच कारण झालें. सोल शहरांतील प्रत्येक बाई रोज दहा बाटल्या उघडते अशी समजूत करून घेऊं नये.

या पद्धतीचें मूळ तत्त्व आपल्याला परकें नाहीं. वाग्भटाच्या अष्टांगहृदयांत सूत्रस्थानाच्या बाविसाव्या अध्यायांत मुखलेपाचा विधि आहे. लेप तीन प्रकारचे: दोष हरण करणारा, विष हरण करणारा व वर्ण सुधारणारा. त्यांची जाडी बोटाचा चौथा भाग, तिसरा भाग किंवा अर्धा भाग. लेप ओला असेपर्यंतच ठेवावा, वाळल्यास तो कांति बिघडवितो. म्हणून पुन्हा भिजवून काढावा व नंतर तेल लावावें. सहा ऋतूंचे सहा लेप तेथें वेगवेगळे सांगितले आहेत. म्हणजे प्रकृति पाहून द्रव्य, ऋतु पाहून बदल, आणि काय आधीं व काय नंतर याचा क्रम, ह्या तिन्ही गोष्टी त्यांत आल्या. यावरून ‘सर्व कांहीं आमच्याकडे होतेंच’ असें कोणी म्हणूं लागेल तर तो पोरकटपणा होईल. वाग्भटाला सनस्क्रीन ठाऊक नव्हतें, व आपण तरी लेप वाळून तडतडेपर्यंत ठेवतोंच ना?

आतां त्वचेकडे वळूं. त्वचेचा सर्वांत वरचा थर मिलिमीटरच्या सुमारें पन्नासाव्या भागाइतकाच जाड असतो. तो जुन्या घराच्या भिंतीसारखा आहे: मृत पेशी ह्या विटा आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्य हा चुना. चुना शाबूत असला तर आंतील ओलावा बाहेर जात नाहीं व बाहेरचा दाह आंत शिरत नाहीं. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित् आम्ल असतो. साधा साबण चांगलाच अल्कली. त्यांत आमच्या भागांतील विहिरींचें व कूपनलिकांचें पाणी जड. साबणाचा फेस होत नाहीं, चिकट साय मात्र त्वचेवर बसते. दिवसांतून चार वेळां साबणानें तोंड घासणारी मुलगी तेलकटपणा घालवीत नसून भिंतीचा चुना खरवडीत असते. खालच्या थरांत तयार झालेली पेशी वर येऊन गळून पडण्यास सुमारें चार आठवडे लागतात. म्हणून कोणतेंही चांगलें औषध चार आठवड्यांच्या आंत आपला गुण पुरा दाखवूं शकत नाहीं. आठ दिवसांत गोरें करतें असें ज्याच्याविषयीं सांगतात, त्यापासून चार हात दूर राहावें. याचें प्रत्यंतर पुढें येणारच आहे.

थर देण्याचा नियम एका वाक्याचा आहे: पाण्यासारखें पातळ आधीं, दाट त्यानंतर, तेलकट शेवटीं. तेलकट परातींत पाणी ओतलें तर थेंब होऊन सरकतें. त्याचप्रमाणें तोंडावर आधीं तेलकट क्रीम चोपडलें व मग पाण्याचें औषध लावलें, तर तें वरच्यावर राहतें. हा क्रम संपूर्ण मांडला तर असा होतो. रात्रीं प्रथम तेलकट धावन, कारण सनस्क्रीन व काजळ तेलांत सुटतात, मग पाण्यानें धुवावयाचें सौम्य धावन, मग टोनर म्हणजे ओलावा देणारें पाणी, मग एसेन्स व सीरम, म्हणजे विशिष्ट तक्रारीचें औषधी द्रव्य, शेवटीं क्रीम. सकाळीं धावन सौम्य व एकदांच, आणि क्रीमच्याही वर सनस्क्रीन. आमच्या नातीनें हें सर्व एका सोमवारीं एकदम सुरू केलें होतें, व शुक्रवारीं चेहरा लाल झाला तेव्हां दहांपैकीं कोणती वस्तु बाधली हें कोणासही सांगतां येईना. शाळेंत एका वर्गांत दहा नवीं मुलें एकाच दिवशीं घेतलीं आणि गोंधळ झाला, तर हेडमास्तर तरी कोणाला शिक्षा करणार?

यांपैकीं आवश्यक गोष्टी तीनच: सौम्य धावन, ओलावा टिकविणारें क्रीम व सनस्क्रीन. त्यांवर आपल्या तक्रारीप्रमाणें एक औषधी द्रव्य, फार तर दोन. तक्रारवार निवड अशी करावी.

ज्यांची त्वचा कोरडी पडते, धुळ्याच्या पौषांतील थंडींत ज्यांच्या गालांना बारीक भेगा जातात, त्यांनीं ग्लिसरीन किंवा हायलुरोनिक आम्ल असलेलें सीरम घ्यावें. हीं द्रव्यें पाणी धरून ठेवतात. पण आमची हवा उन्हाळ्यांतही शुष्क असते. तेव्हां तीं तोंड ओलसर असतांनाच लावावींत व लगेच वरून क्रीम द्यावें, नाहीं तर धरलेलें पाणी हवेंत उडून जातें व त्वचा अधिकच ओढल्यासारखी वाटते. क्रीममध्यें सेरामाइड असल्यास उत्तम. वर सांगितलेल्या चुन्याचाच तो एक घटक आहे.

ज्यांची त्वचा तेलकट व फोडांची, त्यांना सॅलिसिलिक आम्ल उपयोगी; तें तेलांत मिसळतें म्हणून छिद्रांत शिरतें. त्याचें प्रमाण शेंकडा दोनपेक्षां अधिक नसावें आणि आरंभीं तें आठवड्यांतून दोन-तीन रात्रींच लावावें. नायसिनामाइड हें ब जीवनसत्त्वाच्या कुळांतील द्रव्य तेलकटपणा व डाग दोहोंवर चालतें. तेलकट त्वचेला क्रीम नको ही समजूत चुकीची आहे; तिला हलकें, पाणीदार क्रीम द्यावें. फोड मात्र नखानें फोडूं नये. आपल्यासारख्या सांवळ्या त्वचेंत फोड बरा झाला तरी त्याचा डाग महिनोन्महिने राहतो. आमच्या मुलींची खरी तक्रार फोडापेक्षां डागांचीच असते.

डाग व वांग यांवर नायसिनामाइड, क जीवनसत्त्व व अझेलेइक आम्ल हीं चालतात. परंतु सनस्क्रीन नसेल तर हीं सर्व औषधें म्हणजे एका हातानें फळा पुसावा व दुसऱ्या हातानें लिहीत जावें असा प्रकार. वांग तर नुसत्या दिसणाऱ्या उजेडानेंही गडद होतो; त्यासाठीं लोहभस्माची रंगछटा असलेलें सनस्क्रीन अधिक चांगलें.

ज्यांची त्वचा चटकन् लाल होते त्यांनीं सुवासिक वस्तु टाळाव्या. कोरियन बाटल्यांवर ‘सिका’ हें नांव वारंवार येतें. तें सेंटेला नांवाच्या वनस्पतीचें. ही तीच आपली मंडूकपर्णी, मराठींत कारिवणा, कांहीं जण हिलाच ब्राह्मी म्हणतात. ज्येष्ठमधही कित्येक बाटल्यांत सांपडतें. समुद्रापलीकडून फिरून आलेले हे आपले शेजारीच म्हणावयाचे.

सुरकुत्यांसाठीं रेटिनॉल रात्रीं लावतात. गरोदर स्त्रियांनीं व ज्या तशा बेतांत असतील त्यांनीं तें मुळींच वापरूं नये. रेटिनॉल व तीव्र आम्लें एका रात्रीं एकत्र करूं नयेत. कोणतीही नवी वस्तु प्रथम कोपराच्या आंतल्या बाजूस दोन-तीन दिवस लावून पाहावी, आणि एकीनंतर दुसरी आणण्यांत दोन आठवडे जाऊं द्यावे.

सनस्क्रीनविषयीं थोडें अधिक सांगणें भाग आहे, कारण कोरियांतील ऋतु वेगळे व आमचे वेगळे. जळगांव-भुसावळकडे वैशाखांत पारा ४५ अंशांवर जातो. बाटलीवर एस. पी. एफ. चा आंकडा असतो. तीस असेल तर त्वचा भाजणाऱ्या किरणांपैकीं सुमारें ९७ टक्के अडतात, पन्नास असेल तर सुमारें ९८. म्हणजे आंकड्याच्या मागें धांवण्यांत फारसा लाभ नाहीं. पी. ए. या अक्षरांपुढील अधिक चिन्हें ही १९९६ सालीं जपानांत निघालेली खूण. काळवंडविणाऱ्या दुसऱ्या किरणांपासून किती बचाव होतो हें ती सांगते व चार चिन्हें असलेलें घ्यावें. पण खरी चूक होते ती मापांत. तर्जनी व मध्यमा या दोन बोटांवर मुळापासून टोकापर्यंत दोन रेघा ओढाव्या. एवढें तोंडाला व मानेला लागतें. वाटाण्याएवढें लावून आंकड्यावर विसंबूं नये. उन्हांत राहणें असेल तर दर दोन तासांनीं पुन्हा लावावें. आमच्याकडील मुली स्कूटरवर जातांना ओढणीनें डोळ्यांखेरीज सर्व चेहरा बांधून घेतात व त्याची पुष्कळ थट्टा होते; तें शहाणपणाचें आहे, थट्टेचें नव्हे. ह्या बाटल्या मात्र स्कूटरच्या डिकींत किंवा उन्हाच्या खिडकींत ठेवूं नयेत. क जीवनसत्त्वाचें सीरम उष्णतेनें तपकिरी होतें. तसें झालें कीं तें टाकून द्यावें.

राहिली गोगलगाय. तिचा स्राव त्वचा ओलसर ठेवतो, व तो काढतांना ती मारली जात नाहीं असें उत्पादक सांगतात. आम्ही वहिनींना म्हणालों, “पंचामृतांत मध आहे, आणि सोंवळ्याचा कद रेशमाचा आहे, त्यासाठीं तर किडे उकळत्या पाण्यांत जातात. मग प्रायश्चित्ताचा आरंभ कोठून करावयाचा?” वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. पण नात स्वतःच म्हणाली, “आजी, ही वस्तु नसली तरी माझें अडत नाहीं. हेंच काम ग्लिसरीन करतें आणि त्याला पन्नास रुपये पडतात.” तिनें ती बाटली एका मैत्रिणीला दिली. आमचा निवाडा देण्याचा प्रसंग टळला.

त्यानंतर आम्हीं, वह्या तपासतात तशा, उरलेल्या वस्तु ओळीनें मांडून वाचावयास घेतल्या. परदेशांतून येणाऱ्या प्रसाधनावर आयात करणाऱ्याचें नांव-पत्ता व सरकारी नोंदणीचा क्रमांक असला पाहिजे, असा २०२० च्या प्रसाधन-नियमांचा दंडक आहे. शिवाय तयार झाल्याची तारीख, मुदत, घटकांची यादी. आणि उघड्या डबीचें लहान चित्र व त्यांत १२ किंवा ६ असा आंकडा असेल, तर उघडल्यापासून तितके महिने, असें समजावें. नऊ वस्तूंवर हें सर्व होतें. अकरावी म्हणजे ती डबी. पांढरी, गोल, वर सोनेरी कागद व एका कोरियन बाईचें चित्र. अक्षर एकही नाहीं.

“ही कोठून घेतलीस?” आम्हीं विचारलें. नातीनें आजीकडे पाहिलें. वहिनींनीं पदर सारखा केला. थोड्या वेळानें त्या म्हणाल्या, “मीं आणली.”

मार्गशीर्षांत एक स्थळ पाहून गेलें होतें. मंडळी चांगलीं, जातांना मुलाची आई स्वयंपाकघरांत वहिनींना हळूच म्हणाली कीं मुलगी सर्व दृष्टींनीं पसंत आहे, जरा उजळली तर बरें. वहिनींनीं हें कोणास सांगितलें नाहीं. ओळखीच्या एका बाईंकडून त्यांनीं ही डबी साडेतीनशे रुपयांस घेतली व नातीला प्रेमानें दिली. आठ दिवसांत पोरीचा चेहरा खरोखर उजळला, फोडही बसले. दीड महिन्यानंतर मात्र एक दिवस लावलें नाहीं तरी आग होई, आणि गालांवर बारीक लाल शिरा दिसूं लागल्या. त्या लालीवर उपाय म्हणूनच पोरीनें त्या दहा बाटल्या आणल्या होत्या.

दुसऱ्या दिवशीं आम्ही तिला व डबीला घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलों. त्यांनीं चेहरा पाहतांच सांगितलें कीं हें स्टेरॉइडचें काम दिसतें. अशीं मलमें खऱ्या रोगावर डॉक्टरांच्या देखरेखीखालीं मोलाचीं आहेत; पण गोरें होण्यासाठीं तोंडाला लावलीं तर त्वचा पातळ करतात व सोडवत नाहींत. त्यांचा दुरुपयोग एवढा वाढला कीं २०१८ सालीं केंद्र सरकारला अशीं चौदा स्टेरॉइडें चिठ्ठीवांचून विकण्यास बंदी करावी लागली. डॉक्टरांनीं आणखी एक गोष्ट केली: लघवी व मूत्रपिंडाची तपासणी लिहून दिली. आम्हीं विचारलें, चेहऱ्याचा व मूत्रपिंडाचा संबंध काय? ते म्हणाले, “पारा.”

हा शब्द ऐकून आमच्या पोटांत धस्स झालें, व घरीं येऊन वाचलें तें अधिकच भयंकर होतें. आपल्या शेजारच्या अकोल्यांत एकाच घरांतील तिघींना मूत्रपिंडाचा विकार जडला, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत शोध घेतां घेतां माग एका गोरेपणाच्या क्रीमपर्यंत पोंचला व त्यांत पारा निघाला, असें २०२३ सालीं वृत्तपत्रांतून आलें. केरळांत कोट्टक्कल येथील डॉक्टरांनीं २०२१ ते २०२३ या काळांत मूत्रपिंडाच्या एका विकाराचे २२ रोगी पाहिले. त्यांतील पंधरांच्या विकाराची जात नेहमींहून वेगळी होती, व त्या पंधरांपैकीं तेरा जण गोरें करणारें क्रीम लावणारे निघाले. पारा रंगद्रव्य तयार होऊं देत नाहीं, म्हणून चेहरा झपाट्यानें उजळतो. आणि तो त्वचेंतून रक्तांत व तेथून मूत्रपिंडांत जातो. आपल्या नियमांप्रमाणें तोंडाच्या क्रीममध्यें तो नकळत राहिला तरी दशलक्षांत एका भागाहून अधिक चालत नाहीं. डबीवर कधीं कधीं त्याचें नांव कॅलोमेल असें असतें; बहुधा नांवच नसतें.

तपासणीचा कागद येईपर्यंतचे दोन दिवस त्या घरांत कोणी मोठ्यानें बोललें नाहीं. वहिनी जपाची माळ घेऊन बसल्या होत्या. मणी मात्र पुढें सरकत नव्हते. कागद आला. मूत्रपिंडें निर्दोष होतीं. दादा तो कागद दोनदां वाचून झाल्यावर वहिनींकडे वळून एवढेंच म्हणाले, “जेवून घ्या आतां.”

स्टेरॉइड सुटतांना चेहरा आधीं बिघडतो, हें डॉक्टरांनीं बजावलें होतें व तसेंच झालें. तीन आठवडे पोरीनें आरसा झांकून ठेवला. त्या काळांत सर्व सीरमें, आम्लें बंद. सौम्य धावन, सेरामाइडचें साधें क्रीम व डॉक्टरांनीं दिलेलें औषध, एवढेंच. पुढें सनस्क्रीन आलें, आणि महिन्यानंतर नायसिनामाइड. अकरा वस्तूंपैकीं आज चार उरल्या आहेत. त्यांतील दोन कोरियाच्या व दोन येथल्याच आहेत, आणि महिन्याचा खर्च दादांच्या पानसुपारीहून कमी आहे, हें आम्हीं त्यांना हिशेब मांडून दाखविलें.

या सर्व प्रकरणांत कोरियाच्या बाटल्यांनीं फारसें नुकसान केलें नाहीं. नुकसान केलें तें आमच्या लिंबानें आणि वहिनींच्या डबीनें. म्हणजे घरांतील दोन वडील माणसांनीं, मायेनें, न वाचतां. मुली आपले पैसे कशावर घालवितात यावर आपण लक्ष ठेवतों. स्वयंपाकघरांत त्यांच्या रंगाविषयीं कोण काय बोलतें व तें ऐकून घरांतील बायका काय करतात, याकडे मात्र आपण पुरुषमंडळी कधींच लक्ष देत नाहीं. वाचकभगिनींच्या घरीं अशी निनांवी डबी असेल तर ती आजच बाजूस काढावी. फेंकण्याआधीं डॉक्टरांस दाखवावी, आणि ती बरेच दिवस लावली असेल तर औषध एकाएकीं न सोडतां त्यांच्या सल्ल्यानें सोडावें. ज्यांनीं ती आणली त्यांना रागें भरूं नये. आमच्या घरीं कोणीं कोणाला रागें भरलें असतें तर ती अकरावी वस्तु कपाटांतच राहिली असती.

त्या स्थळाकडून फाल्गुनांत पुन्हा विचारणा आली. दादांनीं आम्हांला मसुदा दाखवून उत्तर पाठविलें. पत्र चार ओळींचें होतें. त्यांत शेवटीं लिहिलें होतें कीं मुलीचा रंग आमच्या घरचाच आहे, तिच्या पणजीचाही तोच होता; तो उजळेल अशी आशा धरून कोणीं थांबूं नये.

आखाजीला आम्ही पुन्हा धुळ्यास गेलों. अंगणांतील लिंबाला झोका बांधला होता. पोरीच्या गालांवरचे डाग फिकट झाले आहेत, गेलेले नाहींत. डॉक्टर म्हणतात, अजून सहा महिने. दुपारीं ती मैत्रिणींबरोबर बाहेर निघाली तेव्हां वहिनी माजघरांतून ओरडल्या, “अगं, दोन बोटें लावलींस का?”